अनशेपोटी

४ जानेवारी, रविवार

आजपासून अक्काची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे आली. आपल्या आचरणाची तपासणी माणसाने रोज परमेश्वरापुढे करावी, असे मी चाळीस वर्षे प्रवचनांतून इतरांना सांगत आलो. स्वतः मात्र कधी दैनंदिनी लिहिली नाही. ती उणीव आज भरून काढतो.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. मला न्हाऊमाखू घालण्यापासून पोथीतली पहिली अक्षरे गिरवून घेण्यापर्यंत सारे तिनेच केले. माझी पत्नी निवर्तल्यावर, स्वतःही एकटी पडलेली अक्का माझ्याकडे राहावयास आली. ऑक्टोबरात तिला पक्षाघाताचा झटका आला. तो सौम्य होता. उजवा हात किंचित मंद झाला, चालणे सावरले. परंतु बुद्धीवर एक पातळ पडदा राहून गेला. ऐनवेळी शब्द हरवतो, गॅसवर ठेवलेले दूध विसरते, एकच गोष्ट दोनदा विचारते. डॉक्टरीणबाईंनी याला सौम्य स्मृतिक्षीणता म्हटले आहे. मधुमेह जुनाच, आता गोळ्यांच्या जागी इन्सुलिन आले. सकाळी सातला टोचायचे आणि अर्ध्या तासाच्या आत न्याहारी द्यायची, असा त्यांचा आदेश आहे.

अक्काची मुलगी, माझी भाची, रजा काढून इतके दिवस येथे होती. ती आज परतली. निघताना दारात तिने आडपडदा न ठेवता सांगितले, "मामा, फेब्रुवारीअखेर पुन्हा तपासणी आहे. आई आणखी घसरलेली दिसली तर मी तिला सेवागृहात ठेवणार. तिथे चोवीस तास नर्स असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

अक्का दाराआड उभी राहून ऐकत होती. भाची जिना उतरल्यावर हळूच म्हणाली, "पंडिता, मला कुठं पाठवू नकोस हं."

लहानपणापासून ती मला पंडित म्हणते. पूर्वी थट्टेने, आता सवयीने. मी तिला शब्द दिला.

६ जानेवारी

उपाय सुचला, आणि तो घरातच होता.

आमच्या बाबांचा एक दंडक होता. सकाळी अंघोळ करून अनशेपोटी पोथीचा एक अध्याय मुखोद्गत म्हणायचा. पाठ पुरा झाल्याखेरीज घोटभर दूधदेखील नाही. एक अक्षर चुकले तर अध्याय पहिल्यापासून. बाबा डोळे मिटून समोर बसत आणि अक्का माझ्या शेजारी. आठव्या वर्षी मी असा अख्खा अध्याय न अडखळता म्हणत असे. रिकाम्या पोटी बुद्धीला धार येते याचा दाखला म्हणून मी हे उदाहरण आजवर कितीतरी श्रोत्यांना दिले.

तोच पाठ आजपासून अक्काकडून करवून घेतो आहे. सातला इन्सुलिन, मग पाठ, मग न्याहारी. अर्ध्या तासाची मर्यादा थोडी ओलांडली जाईल. परंतु औषधाचा हेतू साखर कमी करणे हाच असेल, तर अन्न जरा उशिरा जाणे हे औषधाला साह्यच म्हणावे लागेल. संयमाने कोणाचे अहित झाल्याचे मी वाचलेले नाही.

पहिल्या दिवशी अक्काने पाचवा अध्याय दोनच चुकांनिशी म्हटला. तिचा चेहरा उजळला होता. माझाही.

११ जानेवारी

पूर्वार्ध ती निर्दोष म्हणते. उत्तरार्धात, विशेषतः अन्नदानाच्या प्रकरणात, पाय घसरतो. आज तीनदा पहिल्यापासून म्हणावे लागले. न्याहारीला साडेआठ झाले.

एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. न्याहारीनंतर कपबशा विसळताना तीच अडलेली ओळ तिने आपल्याशीच गुणगुणत सहज म्हटली. मी स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. पाठाला बसल्यावर जी ओळ सापडत नाही ती बेसिनपाशी कशी सापडते? मला हे अवधान नसल्याचे लक्षण वाटते. मन लावले तर तिला येते. मन लावत नाही.

१५ जानेवारी

आज मी आवाज चढवला. ज्या बहिणीने माझे नाक पुसले तिच्यावर.

अन्नदानाच्या प्रकरणापाशी येऊन ती थांबली आणि जांभया देऊ लागली. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. खिडकी उघडी असूनही उकडते म्हणाली. मी पुढची ओळ सुचवली. तिने भलत्याच अध्यायातली ओळ म्हटली. मी म्हणालो, पहिल्यापासून. तेव्हा ती एकाएकी चिडून मला बोलली, की तुझ्या पोथीला लाव काडी. अक्काच्या तोंडून असे शब्द मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. आजाराने स्वभावही बदलतो असे ऐकून आहे. तरीही मी तिच्यावर ओरडलो हे खरेच.

न्याहारीनंतर तिला यातले काहीच आठवत नव्हते. उलट, माझा चेहरा का उतरला म्हणून माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

२२ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी अक्काला घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले, पाच शब्द लक्षात ठेवावयास सांगितले, शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले. अकरा वाजले होते. अक्काने चार शब्द परत सांगितले आणि वजाबाकीत अडली तेव्हा म्हणाली, "अहो, माझं गणित झटक्याच्या आधीही असंच होतं." बाई मनापासून हसल्या. प्रकृती स्थिर आहे, म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की घरी सकाळी तिची अवस्था याहून पुष्कळ वाईट असते. त्यांनी विचारले, औषध आणि खाणे वेळच्या वेळी होते ना. होते, असे मी म्हणालो. उत्तर देताना मला ते खोटे वाटले नव्हते. आमच्या घरी पाठ हीच वेळ असते.

उपाशीपोटीची साखर अजून चढी असल्याने त्यांनी इन्सुलिनची मात्रा थोडी वाढवली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदारांनी, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात, आम्हाला रिक्षातून उतरताना पाहून अक्काला विचारले, काय म्हणाले डॉक्टर. अक्का म्हणाली, घड्याळ काढायला लावलं. त्यावर ते म्हणाले, "मग मला बोलवायचं ना अक्का. मी तीस वर्षं घड्याळं उघडतोय, पण एक सरळ गोल काढून दाखवा म्हटलं तर माझीही रवानगी होईल." अक्का जिना चढून वर येईपर्यंत हसत होती.

दवाखान्यात तिला जमते, जिन्यावर तिला जमते. फक्त माझ्यासमोर, पोथीसमोर जमत नाही. यात माझाच काही दोष असावा काय? पाठ करवून घेण्यात मी कमी पडतो. उद्यापासून अधिक काटेकोर राहीन.

२ फेब्रुवारी

पाठ आता नऊपर्यंत लांबतो. ती जितकी चुकते तितक्या वेळा पहिल्यापासून म्हणावे लागते, आणि जितक्या वेळा पहिल्यापासून म्हणते तितकी अधिक चुकते. हे चक्र कोठे तोडावे ते उमगत नाही.

आज एक विचित्र प्रकार घडला. म्हणता म्हणता ती थांबली. तिचा हात थरथरत होता. तो तिने माझ्या हातावर ठेवला आणि कुजबुजली, "मूठ उघड." मी विचारले, कशाला. ती पदर चाचपू लागली, जणू तिथे काही ठेवले होते. मग म्हणाली, "साखर होती. आत्ता होती इथं."

मधुमेहाच्या रोग्याला साखरेची वासना असते हे ठाऊक होते. ती पाठाच्या मध्येच अशी उफाळून यावी याचे वाईट वाटले. मी तिला शांतपणे इंद्रियनिग्रहाबद्दल चार शब्द सांगितले. तिने ते ऐकले असे वाटले नाही.

घरातला साखरेचा डबा मात्र मी वरच्या फळीवर हलवला.

९ फेब्रुवारी

पुन्हा "मूठ उघड". पुन्हा तोच पदर. न्याहारीनंतर विचारले तर काहीच आठवत नाही म्हणते.

भाचीचा फोन आला होता. आई कशी आहे. मी म्हणालो, बरी आहे. खरे सांगितले तर ती उद्याच सेवागृहात नाव नोंदवील. मी अक्काला दिलेला शब्द पाळतो आहे, पण तो पाळण्यासाठी तिच्या मुलीशी खोटे बोलतो आहे. पोथीपुढे बसलो तेव्हा आज माझेच मन पोथीत नव्हते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घडले ते क्रमाने लिहितो.

पाठाचे चौथे आवर्तन चालू होते. अक्काचे शब्द एकमेकांत गुंतू लागले. दारू प्यायलेल्या माणसासारखी जीभ जड झाली. मी डोळे मिटून ऐकत होतो, बाबांसारखा, म्हणून मला तिचा चेहरा दिसला नाही. आवाज थांबला तेव्हा डोळे उघडले. ती एका कुशीवर कलंडली होती. अंग घामाने चिंब होते, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तरी ओळख नाही.

दुसरा झटका, एवढेच मनात आले. जिन्यात जाऊन ओरडलो. घड्याळजी धावत वर आले. त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेबरोबर एक तरुण परिचारिका होती. तिने अक्काच्या बोटाला सुई टोचून यंत्र पाहिले आणि सहकाऱ्याला साखरेचा आकडा सांगितला: अडतीस. लगेच शिरेत ग्लुकोज सुरू केले. ते करता करताच मला विचारले, "शेवटचं कधी खाल्लंय यांनी?"

मी म्हणालो, रात्री. तिने विचारले, आणि इन्सुलिन? मी म्हणालो, सातला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजून गेले होते.

"सकाळी काहीच दिलं नाही?"

मी म्हणालो, पाठ पुरा झाला नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. मी काय म्हणतो आहे ते तिला कळलेच नव्हते. स्वतःचे वाक्य परक्या माणसाच्या कानांनी ऐकले तेव्हा ते मलाही कळेना.

थोड्याच वेळात अक्काने डोळे उघडले. घरात एवढी माणसे पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?"

१८ फेब्रुवारी

रुग्णालय. झटका नव्हता. मेंदूचे चित्र ऑक्टोबरातल्यासारखेच आहे. साखर अतिशय खाली गेली होती, इतकेच. "इतकेच" हा शब्द तिथल्या डॉक्टरांचा.

त्यांनी मला समजावून सांगितले. इन्सुलिन आपले काम करीत राहते, अन्नाची वाट पाहत नाही. साखर खाली गेली की प्रथम मेंदूच उपाशी राहतो. जांभया, घाम, चिडचिड, थरथर, भलतेच शब्द ही सारी त्याचीच लक्षणे. झटक्याने आधीच दुखावलेल्या मेंदूला तर हे फारच घातक. असे पूर्वी झाले होते का, त्यांनी विचारले.

मी या दैनंदिनीतली पाने मनातल्या मनात उलटली. अकरा, पंधरा, दोन, नऊ. सारे माझ्याच हस्ताक्षरात. मी ज्याला अवधानाचा अभाव म्हणालो, वासना म्हणालो, स्वभाव म्हणालो, ती भूक होती.

मी डॉक्टरांना काही सांगण्याआधीच भाची आत आली. प्रवासाच्या कपड्यांतच होती. "आई, असं कसं झालं?" तिने विचारले.

अक्काने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मीच खायला विसरले गं. हा बिचारा सारखा मागे लागला होता, खा, खा म्हणून."

आणि मी गप्प बसलो.

२० फेब्रुवारी

अक्का परवा संध्याकाळी घरी आली. भाची स्वतः इन्सुलिन देते, समोर बसवून न्याहारी घालते. पाठ बंद आहे. दोन्ही सकाळी अक्का इतकी टवटवीत दिसली की मी उठून आतल्या खोलीत गेलो.

भाची मात्र तिच्यात सुधारणा पाहत नाही. आई खाणेदेखील विसरू लागली, ही गोष्ट तिच्या मनात पक्की बसली आहे. सेवागृहाशी तिचे बोलणे झाले. गुरुवारी तपासणी, शनिवारी रवानगी. मला म्हणाली, "मामा, तुमची काही चूक नाही. तुम्ही तरी किती लक्ष ठेवणार." आणि माझ्यासाठी चहा ओतला. तो मी तिच्या नकळत बेसिनमध्ये ओतून दिला.

अक्काच्या खोट्याने मी वाचलो. त्याच खोट्याने तिचे घर सुटते आहे.

खरे सांगितले तर तिची बुद्धी शाबूत असल्याचे सिद्ध होईल, पण मग जिच्या भावाने तिला उपाशी ठेवून इथवर आणले तिला त्याच भावाकडे कोण ठेवील? दोन्ही वाटांनी ती मला सोडूनच जाते. मग प्रश्न एवढाच उरतो की ती कशाच्या नावावर जाते, तिच्या विस्मृतीच्या की माझ्या अज्ञानाच्या. इतका सोपा प्रश्न मला दोन दिवस सुटत नाही.

२३ फेब्रुवारी

भाची औषधे आणावयास गेली असताना अक्कापाशी बसलो. ती गॅलरीत उन्हाला पाय सोडून बसली होती. मी तिला विचारले, खोटे का बोललीस.

"तुझं तोंड बघवेना," ती म्हणाली. "बाबांच्या समोर चुकलास की असंच व्हायचं तुझं."

मी म्हणालो, मी कधी चुकत नसे. अख्खा अध्याय अनशेपोटी म्हणत असे.

ती हसू लागली. "अनशेपोटी कसला. माझ्या फ्रॉकच्या खिशात खडीसाखर असायची. तुझा आवाज बारीक व्हायला लागला, हात कापायला लागला, की बाबांचे डोळे मिटलेले बघून मी म्हणायचे, मूठ उघड. एक खडा तुझ्या मुठीत. तोंडात पडला की लगेच घडाघडा पुढचं."

मला हे काही आठवत नाही. मी डोळे मिटून फार प्रयत्न केला. बाबांचा कोट आठवतो, दाराची कडी आठवते, पोथीच्या लाल फडक्याचा वास आठवतो. खडीसाखर आठवत नाही. ज्या एका आठवणीवर मी चाळीस वर्षे प्रवचने उभारली, ती अर्धीच होती. उरलेली अर्धी हिच्या खिशात होती.

"मग पाठाच्या वेळी तू मला मूठ उघड म्हणायचीस, ते?"

ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. मी सुचवला नाही. शेवटी म्हणाली, "हात कोणाचा थरथरतोय ते मला नीट कळायचं नाही रे. मला वाटायचं, तूच उपाशी आहेस."

मी उठून आत आलो. पोथीपुढे बसण्याचे धैर्य झाले नाही. पाचव्या अध्यायातले अन्नदानाचे प्रकरण मी किती सभांतून उलगडून सांगितले: घरातल्या भुकेल्याआधी देवाला नैवेद्य दाखवू नये. तीच ओळ म्हणवून घेण्यासाठी मी तिला उपाशी ठेवीत होतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितले. दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, भाचीसमोर, अक्कासमोर. इन्सुलिन, पाठ, पहिल्यापासून, साखरेचा वरच्या फळीवरचा डबा, "वेळच्या वेळी होते" हे माझे उत्तर, सर्व. अक्का मध्येच म्हणाली, अरे पुरे, पण मी थांबलो नाही.

भाचीने टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाली, "मामा, मी तुमच्या भरवशावर गेले होते." एवढेच. मोठा आवाज केला असता तर सोसणे सोपे गेले असते.

तपासणी झाली. अक्का जानेवारीत होती तेथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सकाळच्या त्या अवस्था आजारातल्या नव्हत्या आणि केवळ त्यांसाठी तिला हलवण्याचे कारण त्यांना दिसत नाही. मात्र असे पुन्हा होता कामा नये. इन्सुलिनची मात्रा त्यांनी उतरवली आणि खडीसाखरेची डबी कायम तिच्या हाताशी ठेवावयास सांगितली. ते ऐकून अक्काने माझ्याकडे असे पाहिले की मला मान खाली घालावी लागली.

घरी परतल्यावर भाची दारापाशी म्हणाली, "आईला विचारते. ती म्हणेल तसं."

अक्का म्हणाली, "मी गेले तर याला जेवायची आठवण कोण करून देणार?"

भाचीच्या अटी पुढीलप्रमाणे ठरल्या. ताटात न्याहारी वाढलेली असल्याखेरीज सुई काढायची नाही. रोज सव्वासातला ती व्हिडिओ फोन करील आणि मी तो अक्काच्या ताटासमोर धरीन. एक दिवस जरी ताट दिसले नाही, तर दुपारच्या गाडीने ती येईल आणि आईला घेऊन जाईल. तिने माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही, आणि हे योग्यच आहे.

१ मार्च, रविवार

भाची काल गेली. आज सव्वासातला फोन आला, ताट दाखवले. उसळ, पाव, दूध. "मामा, फोन जरा खाली करा, पाव दिसत नाहीये." खाली केला. "आता तुमचं ताट." तेही दाखवले. ही अट कालपर्यंत नव्हती.

न्याहारीनंतर अक्का स्वतःच पोथीपाशी येऊन बसली. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, मला आवडतं म्हणायला, तुझ्यासाठी नाही म्हणत. डबी तिने पोथीशेजारी ठेवली.

ती चुकली. एक शब्द गाळून पुढे गेली, मग लक्षात येऊन थांबली आणि माझ्याकडे पाहिले. "पहिल्यापासून?"

मी म्हणालो, पुढे म्हण.

अन्नदानाचे प्रकरण आले. ते आम्ही दोघे मिळून म्हणू लागलो, आणि त्या ओळीपाशी माझाच आवाज बारीक झाला. पुढचा शब्द मला ठाऊक होता. तो म्हणवेना. अक्का थांबली. तिने डबीचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

"मूठ उघड," ती म्हणाली.

मी भरल्या पोटी होतो आणि हे तिलाही ठाऊक होते. मी मूठ उघडली.